साखरेच्या बंदरावर उतरलेला आगवाला

माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ बोटीवर आगवाला होता. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात बॉयलरसमोर उभं राहून कोळसा टाकणारा. आमच्या खाडीकाठच्या गावातून तेव्हा घरटी एक तरी माणूस बोटीवर असायचा. दोन-तीन वर्षांनी यायचा, घर शाकारायचा, एखादं लग्न उरकायचा आणि परत जायचा. हा मात्र एका फेरीला गेला तो आलाच नाही. त्याच्या बोटीचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, गावी आला तेव्हा त्यानं ओटीवर बसून सांगितलं, "ऑस्ट्रेलियात एक बंदर आहे, तिथे साखर भरतात. तिथे तो उतरला आणि बोट सुटेपर्यंत परत आला नाही."

सारंगानं बंदराचं नाव सांगितलं होतं, आणि ते नाव आमच्या घरात राहिलं. बाजाराला गेलेलं पोर उशिरा आलं, की माझी आजी त्या बंदराचं नाव घेऊन विचारायची, "तिथे गेला होतास काय?"

मागे त्याची बायको होती आणि चार महिन्यांची मुलगी. ती मुलगी म्हणजे माझी फुफी, माझ्या वडिलांची चुलत बहीण. बापानं तिकडे दुसरं घर केलं असं ऐकतच ती मोठी झाली. तिची आई ना सवाष्ण ना विधवा अशी पस्तीस वर्षं जगली. तिनं हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत आणि नवी साडीही नेसली नाही. आई गेल्यावर फुफीनं एकदाच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. फातिहा वाचाल तर आईच्या नावानं वाचा. त्याच्या नावानं नको." तिचं कुणी मोडलं नाही.

साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी दुबईला गेलो. तेव्हा अमिरात हा शब्दही कुणाच्या तोंडात नव्हता. मुंबईहून बोट यायची ती दूर समुद्रात उभी राहायची आणि आम्हाला पडावातून खाडीत आणायचे. पाण्यासाठी जमिनीत खोल भोकं पाडणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मला स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. कॅम्प दुबईपासून लांब, डोंगराच्या अलीकडच्या वाळूत होता. भोकं पाडायच्या दोन रिग, सहा तंबू, चाळीसेक लेबर. पाइप, ऑइल, दोरखंड, पिठाची पोती यांचा हिशेब मी ठेवायचो. माणसांचं रजिस्टरही माझ्याकडेच होतं.

कॅम्पवरचा मुख्य ड्रिलर ऑस्ट्रेलियन होता. पंचावन्नच्या आसपासचा, लालबुंद मानेचा, कमी बोलणारा. लेबरशी त्याचं बोलणं दोन शब्दांत चालायचं, सकाळी "यल्ला", म्हणजे चला, आणि दुपारी "खलास". मला तो क्लार्क म्हणायचा आणि मी त्याला साहेब म्हणायचो. त्याच्याशी त्याच्या गावाबद्दल बोलावं असं मला पहिले सात-आठ महिने सुचलंसुद्धा नाही.

एके दिवशी सकाळी डोंगराच्या बाजूनं एक माणूस चालत आला. पायाला गोणपाट गुंडाळलेलं, ओठ फुटलेले. डोंगरापलीकडे खोर फक्कानच्या किनाऱ्याला लाँचवाल्यांनी त्याला आणि आणखी नऊ जणांना छातीएवढ्या पाण्यात उतरवलं होतं. "त्या डोंगराच्या मागे दुबई," असं सांगून लाँच निघून गेली. नऊपैकी दोघे पाण्यातून वर आलेच नाहीत. बाकीचे वाटेत पांगले. हा पाच दिवस चालत होता. मी त्याला हिंदीत विचारलं, "किधर का है?" त्यानं सांगितलेलं गाव आमच्या खाडीच्या पलीकडचं होतं. आमच्या घराच्या पायरीवर उभं राहिलं की त्या गावच्या मशिदीची भिंत दिसते. मी मराठीत बोलायला लागलो तसा तो मटकन खाली बसला आणि माझा पाय धरून रडायला लागला.

त्याच्याकडे एनओसी नव्हती, म्हणजे या मुलखात उतरायची परवानगीच नव्हती. असा माणूस कामावर घेता येत नव्हता. पण त्याच आठवड्यात आमचा एक लेबर न सांगता अबूधाबीकडे पळाला होता. त्याचं नाव रजिस्टरमध्ये होतं, कार्ड माझ्या खणात होतं. मी ते कार्ड या माणसाला दिलं. म्हणालो, "आजपासून कुणी ह्या नावानं हाक मारली की ओ द्यायची." तो म्हणाला, "देईन भाऊ. तू म्हणशील त्या नावाला देईन."

ड्रिलर साहेबाच्या ते लक्षात आलं होतं, हे मला पुढे कळलं. तीन आठवड्यांनी एका रिगची पाती जमिनीत अडकून तुटली. नवी येईपर्यंत काम बंद. दुपारच्या वेळी तो माझ्या स्टोअरच्या तंबूत आला, एका खोक्यावर बसला आणि रजिस्टर उघडून त्या नावावर बोट ठेवलं.

"हा माणूस तो नाही."

मी रजिस्टर मिटायला हात पुढे केला.

"मी रिपोर्ट करणार नाही," तो म्हणाला. "पण असल्या रजिस्टरांबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझं गाव असल्याच रजिस्टरवर उभं राहिलंय."

मी धीर करून विचारलं, "तुमचं गाव कुठलं, साहेब?"

त्यानं नाव सांगितलं. क्वीन्सलँडमधलं एक साखरेचं गाव, आणि त्याच्या खाली सात मैलांवरचं बंदर. आजी ज्याचं नाव घेऊन आम्हाला टोमणे मारायची तेच बंदर.

मी लगेच काही सांगितलं नाही. आधी विश्वासच बसेना. मग वाटलं, उगाच काही विचारावं आणि यानं हसावं. पण रिग बंद होती आणि तो रोज दुपारी येऊन बसू लागला. बोलायला लागल्यावर तो थांबत नसे.

"शाळेत आम्हाला शिकवायचे, तिथे आधी नुसतं रान होतं," तो म्हणायचा. "माणूस नव्हता म्हणे. माणसं होती. त्यांचं रान होतं ते. गोरे लोक आले, रान तोडलं, पेटवलं. माझा आजोबा म्हणायचा, आग दोन महिने धुमसत होती. रानातली माणसं पाण्यावर यायची तेव्हा त्यांच्यावर बंदुका चालवल्या. उरलेली वरच्या डोंगरात गेली आणि तिथे उपासमारीनं संपली. मग ऊस लावला. ऊस लावला तर तोडायला माणसं नकोत?"

ती माणसं बोटी भरून पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवरून आणली. काहींना तीन वर्षांचा करार सांगून, काहींना काहीच न सांगता. भर उन्हात ऊस तोडायचा, पाला पेटवायचा, मोळ्या वाहायच्या. पाणी गढूळ नाल्याचं. पहिल्या काही वर्षांत हगवणीनं माणसं पटापट मेली. त्यांना गावच्या कबरस्तानात जागा नव्हती, शेताच्या कडेला पुरायचे. पुढे ऊस वाढवायचा म्हणून ती कडही नांगरली.

"मी दहा वर्षांचा असताना बाप नांगर धरायचा आणि मी बैलांपुढे चालायचो," तो म्हणाला. "फाळाला हाड लागलं की बाप म्हणायचा, गुरांचं असेल. ते गुरांचं नसे. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं."

त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. आजोबांचा भाऊ, सारंग, फुफी, सगळं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "माझी आई जिवंत आहे. ऐंशीची आहे, पण डोकं शाबूत आहे. तिचा बाप साखरेच्या गिरणीत ऊस तोलायच्या काट्यावर होता. गिरणीतला प्रत्येक माणूस तिनं पाहिलेला असेल. मी तिला लिहितो."

आठवड्यातून एकदा लँड रोव्हर टपाल घेऊन दुबईला जायची. पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत अडीच महिने गेले. दरम्यान रिग सुरू झाली, गोड पाणी लागलं, पुन्हा खारं लागलं. खाडीपलीकडचा माझा माणूस काम शिकला, अंगानं भरला. अबूधाबीला पळालेल्या माणसाच्या नावानं हाक आली की आता तो वळून बघायचा. त्याची आई आंधळी होती आणि त्याला दोन बहिणी होत्या. सुटीच्या दिवशी मी त्याची पत्रं लिहून द्यायचो. पत्राखाली मात्र तो स्वतःचं खरं नाव घालायला सांगायचा.

उत्तर आलं ते आठ पानांचं, पेन्सिलीनं लिहिलेलं. ड्रिलर साहेबानं दुपारी तंबूत ते मला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबला.

म्हातारीनं लिहिलं होतं: असा एक माणूस होता. हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे व्रण असलेला. तो बोटीवरून पळाला होता आणि पळालेल्या खलाशाला तेव्हा पकडून तुरुंगात टाकत. पण त्याला आग कळत होती, बॉयलरचा आवाज ऐकून तो दाब सांगायचा, आणि गिरणीला असा माणूस हवा होता. त्याच आठवड्यात बेटावरचा एक मजूर हगवणीनं मेला होता. त्याच्या कराराची दोन वर्षं उरली होती. मुकादमानं मेलेल्याचं नाव रजिस्टरमध्ये तसंच ठेवलं आणि त्या नावावर या माणसाला कामाला लावलं. करार संपला तेव्हा त्याच नावावर पुन्हा केला. तो तिथे जवळजवळ दहा वर्षं राहिला. सगळे त्याला त्या मेलेल्या माणसाच्या नावानंच ओळखत.

म्हातारी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. त्यानं तिला तीनदा पत्र लिहायला सांगितलं होतं. तो बोलायचा तसा पत्ता ती इंग्रजीत लिहायची. दोन पत्रांचं काही कळलं नाही. तिसरं दीड वर्षानं परत आलं, पाकिटावर शिक्केच शिक्के. त्यानं ते पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि बॉयलरमध्ये टाकलं. पुन्हा कधी पत्र लिही म्हणाला नाही. पत्त्यातलं 'रत्नागिरी' तेवढं तिला आठवत होतं. आणि त्याच्या मुलीचं नाव आठवत होतं, कारण ते नाव तिला फार आवडलं होतं. त्या वर्षी झालेल्या कालवडीचं त्यांनी तेच नाव ठेवलं होतं.

साहेबानं ते नाव वाचलं. त्याच्या तोंडी ते वेडंवाकडं झालं, तरी मी ओळखलं. फुफीचंच नाव होतं.

"ही गाय मला आठवते," तो म्हणाला. "मी तिचं दूध प्यायलोय. कुणाचं नाव म्हणून कधी विचारलं नाही."

पुढचं त्यानं हळू वाचलं. सरकारनं कायदा केला की बेटांवरच्या मजुरांना आता देशात ठेवायचं नाही. गोऱ्यांचा देश गोऱ्यांनाच हवा होता. बंदरावर टेबल मांडून एक पोलीस अधिकारी गिरणीची रजिस्टरं घेऊन बसला. एकेकाचं नाव वाचायचा, बेटाचं नाव वाचायचा आणि बोटीवर चढवायचा. या माणसाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, मी बेटावरचा नाही, हिंदुस्थानातला आहे. अधिकारी म्हणाला, रजिस्टरमध्ये बेट लिहिलंय. मग त्यानं स्वतःचं खरं नाव सांगितलं, बोटीचं नाव सांगितलं, मी पळालेला खलाशी आहे, मला तुरुंगात टाका म्हणून ओरडला. नाव लिहिणारा मुकादम केव्हाच मरून गेला होता. नवा मॅनेजर म्हणाला, हे सगळेच ऐनवेळी काहीतरी सांगतात.

शेवटचं पान असं होतं: "माझे वडील तिथे उभे होते. त्यांना खरं माहीत होतं. बोलले असते तर खोट्या नोंदीबद्दल गिरणीला दंड झाला असता आणि त्यांची नोकरी गेली असती. ते बोलले नाहीत. मीही तिथेच होते. बावीस वर्षांची होते, बोलू शकले असते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बापाकडे पाहिलं. त्याला चौघांनी धरून बोटीवर चढवलं. ज्या बेटावर त्याला नेलं तिथे त्याचं कुणी नव्हतं, तिथली भाषा त्याला येत नव्हती. पुढे काय झालं मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. त्याच्या मुलीला सांग, की मी हे कधी विसरले नाही."

साहेबानं पत्र घडी करून मला दिलं आणि बाहेर गेला. मी रजिस्टरसमोर बसून राहिलो. खाडीपलीकडच्या माणसापुढे रोज मी जी हजेरीची खूण करत होतो ती खूण मला बघवेना.

दोन दिवसांनी मी साहेबाला म्हणालो, "त्याचं खरं नाव लावायचंय. उद्या पाइप अंगावर पडून मेला तर कुणाच्या नावानं पुरणार? त्याच्या आईला कोण कळवणार?"

"परमिट लागेल," साहेब म्हणाला. "मी ऑफिसात शब्द टाकतो. ऐकतील, इन्शाल्ला." हा शब्दही तो शिकला होता.

मी त्या माणसाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्याच्या भल्याचंच करतोय, त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं. साहेब त्याला लँड रोव्हरमध्ये बसवून दुबईला घेऊन गेला, मीही गेलो. वाटेत त्याला सांगितलं, तेव्हा तो पांढराफटक पडला. "भाऊ, चाललंय ते चालू दे की," एवढंच म्हणाला. ऑफिसातल्या अधिकाऱ्यानं साहेबाचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, परवानगीशिवाय उतरलेल्याला परत पाठवायचा नियम आहे. त्यात तुमच्या कंपनीनं खोटी नोंद केली, ते मी सोडून देतो. एवढी मेहेरबानी त्यानं आमच्यावर केली. त्या माणसाला तिथेच ठेवून घेतलं.

पुढच्या बोटीनं त्याला मुंबईला पाठवलं. मी खाडीच्या धक्क्यावर गेलो होतो. हातात त्याचा उरलेला पगार आणि खजुराचा डबा होता. त्यानं दोन्ही घेतलं. पडावात चढताना म्हणाला, "दुसऱ्याच्या नावानं का होईना, माझ्या घरी चूल पेटत होती. तुला काय त्रास होत होता?"

माझ्याजवळ उत्तर होतं. एक अख्खं पत्र खिशात होतं. पण ते माझ्या घरचं दुःख होतं, त्याच्या चुलीला त्याचा काय उपयोग? त्यानं परत वळून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी मी सुटीवर गावी गेलो. खाडीपलीकडे जाऊन त्याच्या घरी डोकवावं असं रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम काढायचो. शेवटपर्यंत गेलो नाही. ते आजही मनात आहे.

फुफीकडे मात्र गेलो. ती मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. अडुसष्ट-एकोणसत्तर वर्षांची, पाठ वाकलेली, पण हात भराभर चालायचे. मी म्हणालो, "फुफी, तुझ्या बाबांची खबर लागलीय."

"मी सांगितलंय ना, त्याचं नाव काढायचं नाही."

"ऐकून घे. मग मला हाकलून दे."

मी पत्र काढलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. तिचे हात आधी चालत होते. परत आलेल्या पाकिटाशी आलो तेव्हा थांबले. कालवडीचं सांगितलं तेव्हा तिनं मान वर केली. "माझं नाव? गायीला?" एवढं म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला. बंदरावरचं सगळं सांगून होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मांजर येऊन सुकट खाऊ लागलं तरी तिनं हाकललं नाही.

शेवटी म्हणाली, "माझी आई मरायच्या आदल्या दिवशी म्हणाली होती, तो येणार होता, त्याला कुणीतरी अडवलंय. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, मरताना तरी शहाणी हो." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तिला आता कोण सांगणार, सांग ना?"

चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं मौलवींना बोलावून बापाच्या नावानं फातिहा वाचायला सांगितली. मौलवींनी विचारलं, इंतकाल कधी झाला? ती म्हणाली, "माहीत नाही. तुम्ही वाचा." त्यांनी वाचली. ती आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होती.

मी परत निघालो तेव्हा तिनं मला बसवून त्या म्हातारीला पत्र लिहायला लावलं. मजकूर अगदी थोडा होता: तुझं पत्र पोचलं. तुझ्या बापाला मी माफ केलं नाही. तुला केलं. माझा बाप दिसायला कसा होता ते लिही, मी त्याला पाहिलेलं नाही.

कॅम्पवर परतल्यावर मी ते इंग्रजीत उतरवून साहेबाकडे दिलं. त्यानं वाचलं आणि कागद परत माझ्या हातात ठेवला. महिन्यापूर्वीच त्याला तार आली होती. आई गेली होती.

फुफीला हे कळवायचा मला धीर झाला नाही. मी घरी पत्रं लिहिली, त्यात हवापाणी लिहिलं, पैसे पाठवल्याचं लिहिलं, हे तेवढं लिहिलं नाही. दीड वर्षं मी तिला वाट पाहायला लावली. पुढच्या सुटीत दारात पाऊल टाकल्याबरोबर तिनं विचारलं, "तिचं उत्तर आलं?"

मी खरं सांगितलं. केव्हा कळलं तेही सांगितलं. मला वाटलं, आता ती मला फाडफाड बोलेल, आणि तिनं बोलायलाच हवं होतं.

"म्हातारीच होती ती," फुफी म्हणाली. "हातपाय धुऊन घे. भाकऱ्या गरम आहेत."